आधी कोरी काच मोजा: समुद्राकाठी कॉपर थॅलोसायनिनची फिल्म

मृग लागला की कोकणातल्या घरांत जाड्या मिठाच्या बरणीचा तळ ओला व्हायला लागतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आगरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं, म्हणून जाडं मीठ आधी ओलं होतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पावसाळ्याचे चार महिने हवा बहुतेक वेळ ७५ च्या वरच असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण प्रयोगशाळेतल्या काचेच्या पट्टीवर, केबलच्या बीएनसी कनेक्टरच्या आतल्या पांढऱ्या भागावर, टेफ्लॉनच्या आधारांवर बसतात. तिथेही बरणीतलंच घडतं. डोळ्याला न दिसणारा खारट पाण्याचा थर तयार होतो आणि तो वीज वाहून नेतो. आपण ज्या फिल्मची वाहकता मोजायला बसलेलो असतो, तिच्यापेक्षा हा थर कितीतरी चांगला वाहक ठरू शकतो.

ही पोस्ट कॉपर थॅलोसायनिनच्या व्हॅक्यूममध्ये वाफ करून काचेवर बसवलेल्या फिल्मबद्दल, म्हणजे पातळ थराबद्दल, आहे. किनाऱ्यावरच्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या सुरुवातीला हा पदार्थ घेण्यासारखा आहे. तो ४०० अंशांच्या आसपास न जळता सरळ वाफ होतो, हवेत टिकतो आणि महागही नाही. छपाईच्या शाईतला निळा, म्हणजे सायन, तो हाच. १९२७ साली द दिस्बाख आणि फॉन डर वाइड यांना स्वित्झर्लंडमध्ये तो अनपेक्षितपणे हाती लागला. १९८६ मध्ये टँग यांनी याच पदार्थाचा एक थर वापरून सुमारे १ टक्का कार्यक्षमतेचा दोन थरांचा सौर सेल दाखवला आणि सेंद्रिय सेलच्या कामाला दिशा मिळाली. पुष्कळ ठिकाणी याला ऑर्गेनोमेटॅलिक म्हणतात. काटेकोरपणे बघितलं तर इथे तांबं कार्बनला नव्हे, चार नायट्रोजनना बांधलेलं असतं, म्हणून प्रबंधात ‘धातू-सेंद्रिय संकुल’ लिहिणं जास्त बरोबर.

आता आकडे. काचेवर ०.५ मिलिमीटर फट ठेवून १० मिलिमीटर लांबीचे दोन सोन्याचे इलेक्ट्रोड आहेत असं धरा. वर २०० नॅनोमीटर जाडीची फिल्म. हवा लागलेल्या फिल्मची वाहकता १०⁻⁹ सिमेन्स प्रति सेंटीमीटर घेऊ. जाडी गुणिले लांबी भागिले फट म्हणजे ४ × १०⁻⁴ सेंटीमीटर, म्हणून कंडक्टन्स ४ × १०⁻¹³ सिमेन्स. ५० व्होल्ट लावले तर करंट २० पिकोअँपिअर. आता त्याच दोन इलेक्ट्रोडमध्ये केबल, होल्डर आणि काच मिळून १०¹² ओहमची गळती आहे असं समजा. एरवीच्या कामात कुणी या गळतीची दखलही घेणार नाही. पण तिच्यातून ५० पिकोअँपिअर वाहतात. मीटरवर ७० दिसतात आणि त्यात फिल्मचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. फिल्म व्हॅक्यूममध्ये तापवून ऑक्सिजन काढला की तिची वाहकता आणखी शंभर ते हजारपटीने उतरते. मग मोजलं जातं ते फक्त मीठ-पाणी.

म्हणून पहिला नमुना फिल्मचा करायचाच नाही. तीच काच, तीच धुलाई, तेच इलेक्ट्रोड, तोच होल्डर, फक्त फिल्म नाही. ही कोरी काच त्याच चेंबरमध्ये, त्याच व्होल्टेजला, त्याच तापमानांना मोजा. तिचा करंट फिल्मच्या करंटच्या दहाव्या भागाहून जास्त असेल तर पुढे जाऊ नका, गळती शोधा. शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी इलेक्ट्रोमीटरच्या (अगदी बारीक करंट मोजणाऱ्या मीटरच्या) तोंडाशी केबल काढून शून्य बघा. मग केबल लावून दुसरं टोक मोकळं ठेवा. मग रिकामा होल्डर आणि शेवटी काच. ज्या पायरीवर आकडा उडी मारतो, तिथे गळती. बहुतेक वेळा ती व्हॅक्यूमच्या फीडथ्रूच्या (तार चेंबरच्या आत नेणाऱ्या जोडाच्या) बाहेरच्या बाजूला, म्हणजे ओल्या हवेत उघड्या राहणाऱ्या सिरॅमिकवर सापडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने सुकवा आणि पावसाळ्यात त्यावर सिलिका जेलची पुडी ठेवलेली डबी उलटी घालून ठेवा. बोट लावू नका. बोटाच्या ठशातही मीठच असतं.

काच कुठली, यालाही महत्त्व आहे. साधी मायक्रोस्कोपची स्लाइड सोडा-लाइमची असते. तिच्या पृष्ठभागावर ओलाव्यात सोडियम सुटतो आणि गळती वाढते. स्ट्रक्चरच्या नमुन्यांना ती चालते, विजेच्या मोजमापाला बोरोसिलिकेट किंवा फ्यूज्ड क्वार्ट्झ घ्या. धुलाई अशी: लॅबोलीनच्या (प्रयोगशाळेतल्या साबणाच्या) पाण्यात, मग डीआयोनाइज्ड पाण्यात, मग अॅसिटोनमध्ये, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकला प्रत्येकी १० मिनिटं, नायट्रोजनने झटकून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना तासभर. अॅसिटोन शेवटी ठेवू नका, सुकताना डाग सोडतं. ओव्हनमधून काढलेली काच थेट चेंबरमध्ये जायला हवी, टेबलावर थंड करत ठेवायची नाही.

इलेक्ट्रोडसाठी सिल्व्हर पेस्ट सोपी वाटते, पण किनाऱ्यावर ती वापरू नये. ओलाव्यात डीसी व्होल्टेज लावलं की चांदी आयनरूपाने एका इलेक्ट्रोडवरून दुसऱ्याकडे सरकते आणि तिच्या झाडासारख्या फांद्या वाढतात. काही तासांनी फट भरते आणि ‘वाहकता वाढली’ असं वाटतं. आधी ३ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम, त्यावर सोनं, हे टिकतं. शक्य असेल तर बोटांत बोटं घातल्यासारख्या रचनेचे इंटरडिजिटेटेड इलेक्ट्रोड घ्या. ५ मिलिमीटरच्या ४० फटी, प्रत्येक ५० मायक्रोमीटरची, असतील तर तीच २०० नॅनोमीटरची फिल्म १० व्होल्टला ०.८ नॅनोअँपिअर देते. पाचपट कमी व्होल्टेजला चाळीसपट करंट. केबल आणि फीडथ्रूची गळती मात्र व्होल्टेजबरोबर कमीच होते. काचेच्या पृष्ठभागावरची गळती त्याच फटींतून जाते, त्यामुळे ती कमी होणार नाही. तिच्यासाठी कोरी काच हवीच.

आता व्हॅक्यूम. १२ इंची बेल जार, रोटरी आणि डिफ्युजन पंप, दाब मोजणारे पिरानी आणि पेनिंग गेज हा संच बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. १०⁻³ मिलिबारला हवेच्या रेणूचा मुक्त पथ साधारण ६ ते ७ सेंटीमीटर असतो, १०⁻⁵ ला ६ ते ७ मीटर. बोटीपासून (पदार्थ ठेवून तापवायच्या धातूच्या पन्हळीपासून) काच १५ सेंटीमीटरवर असेल तर १०⁻³ ला वाफ वाटेत धडकत येते आणि फिल्म भुसभुशीत बसते. २ × १०⁻⁵ च्या वर डिपॉझिशन, म्हणजे फिल्म बसवणं, सुरू करू नये. त्या दाबालाही चेंबरमध्ये जे उरलेलं असतं ते मुख्यतः पाणीच, आणि ते काचेवर सेकंदाला कित्येक थरांइतकं आदळत असतं. सुदैवाने त्यातलं फार थोडं चिकटून राहतं. लिक्विड नायट्रोजन ट्रॅप असेल तर पावसाळ्यात तो भरल्याशिवाय काम करू नका. पाणी पकडायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.

पाणी चेंबरमध्ये येतं कुठून, हे मात्र समजून घ्या. जुलैत खोलीत २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू जवळपास २६ अंशांवर असतो. चिलरचं पाणी १८ अंशांना फिरत असताना बेल जार उचलला की बेसप्लेटच्या थंड भागावर लगेच दव धरतं. बोटाने पुसून बघाल तर ओल लागेल. मग पुढचे चार तास पंप तेच पाणी उपसत बसतो आणि गेज ८ × १०⁻⁵ वर अडकतं. लोक लीक शोधत राहतात, गॅस्केट बदलतात, ग्रीस लावतात, आणि दोष असतो थंड धातूचा. उघडण्याआधी डिफ्युजन पंप पूर्ण निवू द्या, थंड पाणी बंद करा, धातू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वेंट करताना हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडा. जार उघडा राहण्याची वेळ १० मिनिटांच्या आत ठेवा, म्हणजे सगळी तयारी आधी टेबलावर मांडून ठेवायला हवी.

रोटरी पंपाचं तेल पावसाळ्यात दर आठवड्याला काचेतून बघा. दुधाळ दिसलं म्हणजे त्यात पाणी मिसळलंय. रोज काम सुरू करण्याआधी गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून पंप २० ते ३० मिनिटं चालवला की बरंचसं पाणी वाफ होऊन निघून जातं. तरी दुधाळच राहिलं तर तेल बदला. चेंबर रोटरीने ०.०५ मिलिबारच्या बराच खाली ओढत ठेवू नका. तिथून पुढे पंपाच्या तेलाची वाफ उलटी चेंबरमध्ये यायला लागते आणि फिल्मखाली तेलाचा पातळ थर बसतो. लाइट गेली तर हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह तत्क्षणी बंद, रोटरीला हवा द्यायचा व्हॉल्व्ह उघडा, आणि डिफ्युजन पंपाला टाकीतल्या पाण्याची धार चालू. वरच्या मजल्यावर टाकी असणं म्हणून उपयोगी पडतं.

बोट मॉलिब्डेनमची किंवा टँटलमची. पदार्थ किती घालायचा? छोट्या सपाट उगमासाठी वजन म्हणजे पाय गुणिले घनता गुणिले अंतराचा वर्ग गुणिले जाडी. घनता १.६, अंतर १५ सेंटीमीटर, जाडी २०० नॅनोमीटर धरली तर साधारण २३ मिलिग्रॅम येतात. ४० मिलिग्रॅम घाला, थोडं बोटीत उरू द्या. रंगाच्या ग्रेडची पूड थेट वापरू नका, ती आधी दोन-तीनदा व्हॅक्यूममध्ये सब्लिमेट करून घ्या. शुद्ध पूडही हवेतलं पाणी धरून असते. झटकन तापवली तर ती लाह्यांसारखी उडते आणि फिल्मवर निळे ठिपके पडतात. दाबून गोळी करा, वर भोकं असलेलं झाकण ठेवा, शटर बंद ठेवून १५० ते २०० अंशांना तासभर धरा. पेनिंगवर दाब आधी चढतो, मग उतरतो. तो उतरल्यावरच करंट पुढे वाढवा. दर ०.१ ते ०.२ नॅनोमीटर प्रति सेकंद आला आणि मिनिटभर स्थिर राहिला की शटर उघडा. शटर उघडताच क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटर क्षणभर उडी मारतो. ती जाडी खरी नसते, बोटीच्या उष्णतेने क्रिस्टल तापल्याचा तो परिणाम आहे. पहिल्या दोन फिल्मची जाडी प्रोफाइलोमीटरवर मोजून टूलिंग फॅक्टर (मॉनिटरवरची जाडी काचेवरच्या जाडीशी जुळवणारा गुणक) दुरुस्त करा: जुना फॅक्टर गुणिले खरी जाडी भागिले दाखवलेली जाडी.

सबस्ट्रेट खोलीच्या तापमानाला असला तर फिल्म अल्फा रूपात बसते. २०० अंशांच्या पुढे तापवला, किंवा नंतर फिल्म त्याहून जास्त तापवली, तर बीटा रूप यायला लागतं. दोन्हींत रेणू चपट्या तबकड्यांसारखे एकावर एक रचलेले असतात, तबकड्यांमधलं लंब अंतर दोन्हींत ०.३४ नॅनोमीटरच्या आसपास. फरक कलतेपणाचा आहे. अल्फात तबकडी साधारण २६ अंशांनी कललेली, बीटात ४५ अंशांनी, त्यामुळे रांगेतलं अंतर अल्फात ०.३८ आणि बीटात ०.४८ नॅनोमीटर होतं. इलेक्ट्रॉनचे ढग एकमेकांवर किती येतात ते यावर ठरतं. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) तांब्याच्या के-अल्फा किरणांना अल्फाचं शिखर ६.८ अंशांच्या आसपास दिसतं, म्हणजे १.३ नॅनोमीटर अंतर. बीटात ते ७.० ला सरकतं आणि ९.२ जवळ दुसरं येतं. ६.८ आणि ७.० मधला फरक नमुना होल्डरमध्ये जरा वर-खाली बसला तरी पुसला जातो, म्हणून ९.२ चं शिखर आहे की नाही हे बघा. पण फिल्म एका दिशेने रचलेली असेल तर तेही दडतं. मग यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम जास्त विश्वासाचा: अल्फात ६२० नॅनोमीटरचं शिखर ६९५ च्या शिखरापेक्षा उंच, बीटात दोन्ही लांब तरंगलांबीकडे, ६४५ आणि ७२० च्या जवळ सरकलेली. इन्फ्रारेडसाठी केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) गोळ्या जुलैत करू नका, दळतादळता पाणी धरतात. एटीआर वापरा, त्यात गोळी लागत नाही. अल्फाचा पट्टा ७२२ प्रति सेंटीमीटरला, बीटाचा ७३० जवळ.

शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायला विसरू नका. शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.२५ अंश, यंत्राची ०.१० अंश असेल तर वर्गांच्या वजाबाकीने ०.२३ उरते आणि स्फटिकाचा आकार ३५ नॅनोमीटर येतो. फिल्म ३० नॅनोमीटरची आणि उत्तर ३५ आलं तर कुठेतरी चूक आहे. फिल्मच्या जाडीहून मोठा स्फटिक त्या दिशेत असूच शकत नाही. काचेवर रेणू बहुतेक कडेवर उभे राहतात, त्यांच्या रांगा काचेला समांतर असतात. त्यामुळे फटीच्या रचनेत करंट रांगांच्या प्रतलातून वाहतो आणि सँडविचमध्ये, म्हणजे फिल्मच्या खाली-वर इलेक्ट्रोड असताना, रांगांना आडवा. दोन रचनांची वाहकता सारखी येत नाही, आणि ती जुळवायचा अट्टहासही करू नये.

मोजमाप शक्यतो त्याच चेंबरमध्ये, व्हॅक्यूम न मोडता. करंट पिकोअँपिअरमध्ये असताना पेनिंग गेज बंद करा, त्यातले आयन फिरत येऊन इलेक्ट्रोडवर पडतात आणि मीटर भरकटतो. बेल जारवर काळं कापड टाका, कारण ही फिल्म प्रकाशाला करंट देते आणि ट्यूबलाइट पुरेशी असते. हीटर एसीवर असेल तर वाचन घेताना बंद करा. व्होल्टेज लावल्यावर करंट खाली येत राहतो. किमान एक-दोन मिनिटं थांबून, प्रत्येक वेळी तेवढंच थांबून, आकडा घ्या. पोलॅरिटी उलटवून पुन्हा घ्या.

तापमानाबरोबरचा आलेख काढताना पहिला चढता फेरा टाकून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्या फेऱ्यात ऑक्सिजन आणि पाणी निघून जात असतं, म्हणजे नमुनाच बदलत असतो. ऑक्सिजन इथे पी-प्रकारचं डोपिंग करतो, तो गेला की करंट उतरतो. १३० ते १४० अंशांना दोन तास धरा, मिनिटाला २ अंशांनी उतरत या, पुन्हा चढा. दुसरा चढ आणि उतार एकमेकांवर बसले तरच उतार मोजा. १५० च्या वर नेऊ नका, म्हणजे रूप बदलणाऱ्या २०० अंशांपासून लांब राहाल. थर्मोकपल हीटरच्या ठोकळ्यात नको, काचेच्या वरच्या बाजूला तिच्याशी घट्ट दाबून हवं. व्हॅक्यूममध्ये ठोकळा आणि काच यांत सहज दहा-वीस अंशांचा फरक पडतो.

करंटचा नैसर्गिक लॉग विरुद्ध १००० भागिले केल्विन तापमान, असा आलेख काढा. उतार उणे ५.८ आला तर त्याला ०.०८६१७ ने गुणून सक्रियण ऊर्जा ०.५० इलेक्ट्रॉन व्होल्ट. काही जुन्या पेपरांत घातांकात केटीच्या (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) जागी दोन केटी असतात. तिथे त्याच उतारातून १.०० निघतं. तुलना करण्याआधी समोरच्याने कुठलं सूत्र वापरलंय ते बघा. एवढ्या एका गोष्टीवरून ‘आमची ऊर्जा अर्धी का आली’ यावर पानं भरतात.

सँडविचमध्ये खाली-वर सोनं असेल तर कमी व्होल्टेजला करंट व्होल्टेजच्या प्रमाणात, पुढे त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर्ग दिसला म्हणून लगेच स्पेस चार्जचा (फिल्ममध्ये साठलेल्या प्रभाराने मर्यादित) करंट म्हणू नका. १५०, २५० आणि ४०० नॅनोमीटरच्या तीन फिल्म करा. करंट जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरला तर ते म्हणणं टिकतं. १५० च्या खाली पिनहोलमधून शॉर्ट होण्याचं प्रमाण फार वाढतं. एका बाजूला अॅल्युमिनियम असेल तर तो जोड अडवणारा असतो. तिथे करंट शॉट्की (इलेक्ट्रोडच्या जोडावरचा अडथळा) प्रकारचा की पूल-फ्रेंकेल (फिल्मच्या आतले सापळे) प्रकारचा, हे ठरवताना फील्डच्या वर्गमुळासमोरचा गुणांक मोजा: सापेक्ष परावैद्युतांक ३.६ धरला तर शॉट्कीसाठी तो २.० × १०⁻⁵ आणि पूल-फ्रेंकेलसाठी बरोबर दुप्पट, ४.० × १०⁻⁵ येतो, एकक इलेक्ट्रॉन व्होल्ट गुणिले ‘मीटर भागिले व्होल्ट’चं वर्गमूळ. शॉट्कीत करंटचा लॉग घ्यायचा, पूल-फ्रेंकेलमध्ये करंट भागिले फील्डचा.

नमुने ठेवायचे ते सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, झाकणाला व्हॅक्यूम ग्रीस लावून. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांना दोन तास भाजून परत निळं करता येतं. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये डेसिकेटर रोज उघडला तर ते आठवड्याभरातही गुलाबी होतं. डेसिकेटरमध्ये कोरी काचही ठेवा आणि प्रत्येक फिल्मच्या आधी तिचा करंट वहीत तारीख, खोलीचं तापमान आणि आर्द्रता यांसह लिहा.